एक-दोन-तीन... आणि मावशी उठली!

‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक, गणपतीतलं स्टेज, चमचमत्या कोटातला निवेदक आणि मागच्या रांगेतून येणारी ‘वन्स मोअर’ची आरोळी. दुसरं, काळे सूट, गंभीर चेहरे आणि खोकला आला तरी अपराधी वाटावं अशी शांतता. ही दोन्ही चित्रं एकाच संध्याकाळी, एकाच स्टेजवर मिळाली तर? मिळतात! फक्त त्यासाठी मास्ट्रिख्त गाठावं लागतं.

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाचं हे टुमदार शहर. युरोपियन युनियनचा करार १९९२ मध्ये इथेच झाला. पण जुलैत इथे येणाऱ्या गर्दीला त्या कराराशी काही देणंघेणं नसतं. ती येते आंद्रे रियूसाठी. १९४९ मध्ये याच गावात जन्मलेल्या या व्हायोलिनवादकाने १९८७ मध्ये १२ वादक घेऊन ‘योहान स्ट्राउस ऑर्केस्ट्रा’ सुरू केला. आज त्यात पन्नासहून जास्त वादक आहेत आणि हा ताफा जगभर फिरतो. २००५ पासून, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर, दर उन्हाळ्यात फ्राइटहोफ चौकात त्याचे ‘होम ग्राउंड’वरचे कार्यक्रम होतात.

माझी मावसबहीण आइंडहोवनला नोकरी करते. तिकिटं तिनेच काढली होती, खास मावशीसाठी. काका गेल्यापासून मावशी नाशिकच्या घरात संध्याकाळी यूट्यूब लावून बसायची आणि त्यात तिला हा ‘लांब केसांचा व्हायोलिनवाला’ सापडला होता. तिकिटाच्या युरोंचे रुपये करून झाल्यावर मात्र तिने दोनदा विचारलं, ‘परत करता येतील का गं?’

धूम-चक-चक

रात्रीचे नऊ वाजलेले, पण आकाशात लख्ख उजेड. एका बाजूला सेंट सर्व्हेशियसची जुनी बॅसिलिका, शेजारी सेंट जॉनच्या चर्चचा लाल मनोरा, भोवती कॅफेंची रांग आणि मध्ये हजारो खुर्च्या. ऑर्केस्ट्रा पडद्यामागून येतच नाही. तो आपल्यामधून वाजतगाजत चालत येतो. बायकांचे घेरदार रंगीत गाऊन, पुरुषांचे टेलकोट... थेट आपल्या वरातीचा फील!

मग सुरू होतो वॉल्ट्झ. ताल एकदम सोपा, तीन मात्रांचा. पहिली मात्रा जड, पुढच्या दोन हलक्या. गंमत आहे ती व्हिएन्नाच्या पद्धतीत. तिथे दुसरी मात्रा किंचित आधी येते आणि तिसरी जरा रेंगाळते. त्या एवढ्याशा फटीमुळे बसल्या बसल्याही आपण गिरकी घेतोय असं वाटतं.

शोस्ताकोविचचा ‘सेकंड वॉल्ट्झ’ लागला. ही धून रियूने १९९५ मध्ये आयाक्स-बायर्न म्युनिक फुटबॉल सामन्याच्या हाफटाइमला वाजवली आणि त्याचं नशीबच फिरलं. मावशी कानाशी लागली, ‘अगं, हे तर शंकर-जयकिशनसारखं वाटतंय!’ तिचं काही चुकलं नाही. त्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. अशा गोवेकर वादकांनी आणि अरेंजरनी पाश्चात्त्य ठेके हिंदी सिनेमात रुजवले. ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) मधलं लताबाईंचं बोटीवरचं गाणं आठवा. धूम-चक-चक!

सवंग की सच्चा?

रियूवर टीकाही भरपूर होते. फार गोड वाजवतो, मोठ्या रचनांमधले नेमके लाडके तुकडे उचलतो, वर विनोद आणि फुगे. एक तक्रार मलाही पटली. एवढ्या मोठ्या चौकात आवाज स्पीकरमधूनच येतो. छोट्या हॉलमध्ये व्हायोलिनच्या लाकडाचा जो जिवंत नाद ऐकू येतो, तो इथे विसरायचा.

पण ‘सवंग’ हा शिक्का वॉल्ट्झला नवा नाही. जोडीदाराला जवळ धरून नाचायचं म्हणून लंडनच्या ‘टाइम्स’ने १८१६ मध्ये या नाचाला असभ्य ठरवलं होतं. ‘ब्लू डॅन्यूब’ लिहिणारा धाकटा योहान स्ट्राउस हातात व्हायोलिन घेऊनच ऑर्केस्ट्रा चालवायचा, दौरे करायचा. १८७२ मध्ये बोस्टनला त्याने हजारो गायक-वादकांच्या ताफ्यापुढे कार्यक्रम केला. म्हणजे भव्य शो ही काही रियूने केलेली भेसळ नव्हे, ती या संगीताची जुनीच सवय आहे. आणि श्रोत्यांनी गप्प बसायचं, हा नियम तरी आपल्या मैफलीत कुठे असतो? समेवर दाद गेली नाही तर गवई खट्टू होतो.

शिवाय हा माणूस स्वतःच्या खिशातून जुगार खेळतो. २००८ च्या दौऱ्यासाठी त्याने व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याची भलीमोठी प्रतिकृती उभारली आणि कर्जाच्या डोंगराखाली गेला. दिवाळं वाजायचंच बाकी होतं. त्यातून तो सावरला तो तिकिटं काढून येणाऱ्या माणसांच्या जोरावर.

अखेर ‘ब्लू डॅन्यूब’

सुरुवातीचे ते ओळखीचे हळुवार सूर आले आणि चौकभर खुर्च्या सरकल्या. जोडपी मधल्या वाटेत उतरली. आमच्या शेजारचे सत्तरीतले डच आजोबा एकटेच आले होते. त्यांनी मावशीपुढे हात धरला. साडी, स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा अवतारातली मावशी चक्क मराठीत म्हणाली, ‘मला नाही हो येत!’ आजोबांनी डचमध्ये मोजायला सुरुवात केली, ‘एन, त्वे, द्री...’ तिसऱ्या फेरीला मावशी उठली. गुडघा सांभाळत, ओठांत ‘एक-दोन-तीन’ पुटपुटत तिने दोन गिरक्या घेतल्या, तिसरी चुकली आणि ती मोठ्याने हसली. तिला असं हसताना मी वर्षभरात पहिल्यांदा पाहत होते. मावसबहीण चष्मा पुसत होती.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून आवाज आला, ‘नाशिकला असले क्लास असतात का गं?’

जायचंय?

* कार्यक्रम जुलैत असतात. तिकीट आणि हॉटेल दोन्ही खूप आधी बुक करा.
* ट्रेनने आइंडहोवनहून साधारण तासभर, ॲमस्टरडॅमहून अडीच तास. परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा. ‘वन्स मोअर’ संपता संपत नाहीत!
* जुलै असला तरी शाल आणि रेनकोट हवाच. चौक उघडा आहे.
* इतकं लांब जमत नसेल, तर त्याचे कार्यक्रम थिएटरच्या पडद्यावरही दाखवले जातात.
* आणि हो, आरामशीर शूज घाला. शेजारचा हात कधी पुढे येईल, सांगता येत नाही.