कुलवृत्तांताचे साधन म्हणून जुनी वृत्तपत्रे

कुलवृत्तांताचा लेखक सामान्यतः घरातील वंशावळ आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांवर विसंबतो. या वंशावळींत पुरुषांचीच परंपरा असते; सुना नावापुरत्या येतात, मुली पुष्कळदा येतच नाहीत. ही उणीव जुन्या वृत्तपत्रांवरून काही अंशी भरून काढता येते. मात्र ती पाहावयाची कशी, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

शोधाचा आरंभ व्यक्तीच्या नावापासून न करता स्थळ व काळ यांपासून करणे इष्ट. शंकर गणेश दाते यांच्या नियतकालिक-सूचीवरून त्या गावी त्या काळी कोणती पत्रे निघत होती हे कळते. पुण्याच्या घराण्यासाठी १८४९ पासूनचा 'ज्ञानप्रकाश', रत्नागिरीसाठी १८७१ चे 'सत्यशोधक', बेळगावसाठी १८६३ चे 'बेळगाव समाचार'. सत्यशोधक चळवळीशी संबंध असलेल्या घराण्याने १८७७ चा 'दीनबंधु' आधी पाहावा. घरातील तिथी शकात असेल तर साधारणतः ७८ मिळवावे लागतात. परंतु पौषाच्या मध्यानंतर हे गणित चुकते. शके १८१८ च्या माघातील मृत्यू, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या दिवसांतला, १८९६ च्या नव्हे तर १८९७ च्या अंकांत शोधावा लागतो. शिवाय पत्र साप्ताहिक असल्यास पुढील दोन-तीन अंक चाळणे अवश्य.

मृत्युवार्तांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्यांत स्त्री ही अमक्याची पत्नी वा मातोश्री म्हणूनच येते. याउलट ज्या मजकुराकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा ढुंकूनही पाहत नाही, त्या कोर्टाच्या जाहीर नोटिशींत तिचे स्वतःचे नाव आढळते. वारसा, गहाण, लिलाव अशा प्रकरणी विधवेचे नाव 'कोम' या शब्दाने पतीच्या नावाशी जोडून, वयासह व राहत्या गावासह दिलेले असते. पुरुषाच्या नावापुढे 'बिन' घालून पित्याचे नाव येते. म्हणजे एका नोटिशीत दोन पिढ्या हाती लागतात. वंशावळीत निःसंतान म्हणून संपलेली शाखा एखाद्या दत्तकाच्या वादात पुन्हा उभी राहते, आणि घराण्याला ते नेहमीच रुचते असे नाही.

मूळ अंक नष्ट झाले असल्यास सरकारने देशी वृत्तपत्रांचे करविलेले इंग्रजी साप्ताहिक सारांश पाहण्याचा मोह होतो. त्यांत राजकीय मतेच तेवढी सापडतात, नोटिशी नाहीत. अशा वेळी वृत्तपत्र सोडून जिल्हा न्यायालयाच्या दप्तराकडेच वळावे लागते.