मामाची मुलगी आणि जनुकांचा हिशेब

मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असे कोल्हापूरकडची जुनी माणसे म्हणत. सासू म्हणजे आत्याच, मुलीचीही सोय! पण जनुकांचा हिशेब निराळा आहे.

समजा, एखाद्या रोगाचे जनुक समाजात शंभरात एक आहे. परक्या घराण्यांतल्या लग्नांतून ते आई आणि बाप दोघांकडूनही येणारे मूल १०,००० मध्ये एखादेच: एक शतांश गुणिले एक शतांश. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ साली मांडलेले गणित ते हेच. आते-मामे भावंडांच्या लग्नांत मात्र आजी-आजोबा एकच असतात. त्यांच्याकडचे तेच जनुक दोन्ही वाटांनी मुलापर्यंत पोचू शकते. मग आकडा सातवर जातो. समाजातले जनुक तेवढेच. जोड्या मात्र अधिक जुळतात.

सात म्हणजे किरकोळच, असे कुणी म्हणेल. पण अशी जनुके अनेक आहेत. थॅलेसेमियाचे वाहक तर रक्ततपासणीत कळतात. पत्रिकेआधी ती व्हावी.