डूम्सडेपेक्षा चिवट खलनायक
कॉमिक्सवाल्यांनो, १९९२ मध्ये डूम्सडे नावाच्या राक्षसाशी लढताना सुपरमॅन मेला, हे ठाऊक असेलच. डूम्सडेही मेला, नंतर दोघंही परतले. कॉमिक्समध्ये मरण असं तात्पुरतंच!

पण जळगावजवळच्या आम्हा असोदेकरांना जवळचा सुपरमॅन धुळ्यापलीकडे, मालेगावात. नासिर शेख यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हा सिनेमा काढला. उडायला हिरवा पडदा, नायक यंत्रमाग कामगार शफीक शेख. आणि खलनायक? तंबाखूचा धंदेवाला! मला तर हाच जास्त चिवट वाटतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. नायक शफीकच त्या सिनेमानंतर कर्करोगाने गेले.

याच मंडळींवरचा फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आधी बघा, त्यांच्यावरचाच रीमा कागतींचा सिनेमा नंतर.