पाटाच्या कडेकडेनं हार्झ

जर्मनीतल्या क्लाउस्टाल-झेलरफेल्ड या गावाभोवतीच्या झाडीत जागोजागी तळी लागतात. उन्हाळ्यात काहींत पोरं डुंबत असतात, काहींच्या काठावर निवृत्त मंडळी गळ टाकून बसलेली असतात. नवखा माणूस म्हणतो, काय निसर्ग आहे! पण जरा काठाकाठानं फिरलं की एका बाजूला गवतानं झाकलेला सरळसोट बांध दिसतो, बांधाच्या पोटात मोरी आणि टोकाला सांडवा. ही तळी म्हणजे खाणींसाठी बांधलेली धरणं आहेत. त्यांतली बरीचशी आपल्याकडे मराठेशाही होती तेव्हापासून पाणी धरून उभी आहेत.

उत्तर जर्मनीच्या सपाट मुलखातून हार्झचा डोंगर एकाएकी वर येतो. लांबी सुमारे ११० किलोमीटर, रुंदी तीस-चाळीस. सर्वांत उंच शिखर ब्रोकन, १,१४१ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही ठेंगणं. पण या डोंगराच्या पोटात चांदी, शिसं, तांबं आणि जस्त होतं, आणि माणसानं ते हजार वर्षं उपसलं. धातूच्या बहुतेक खाणी विसाव्या शतकात एकामागून एक बंद पडल्या. बाड ग्रुंडची शेवटची मोठी खाण १९९२ मध्ये. आज तिथे लोक चालायला, सायकल मारायला, बर्फावर घसरायला येतात. ज्या वाटांवर ते चालतात, ज्या पाण्यात पोहतात आणि ज्या जंगलाचे फोटो काढतात, त्यातलं बरंचसं खाणकामगारांनी घडवलेलं आहे. हे एकदा कळलं की हार्झमध्ये नुसतं भटकणंही वारसा पाहणंच ठरतं.

डोंगराच्या पोटात

सुरुवात गोस्लारपासून करावी. हॅनोव्हरहून रेल्वेनं साधारण तासाभराचा प्रवास. गावाच्या डोक्यावरच रॅमेल्सबर्गचा डोंगर आहे. एका सरदाराच्या घोड्यानं तिथे टाप आपटली आणि खालून धातू चमकला, अशी दंतकथा. या धातूच्या जोरावर अकराव्या शतकात जर्मन सम्राटांनी गोस्लारला राजवाडा बांधला. सम्राट हेन्री तिसरा याचा देह दूर श्पायरला पुरला, हृदय मात्र आज गोस्लारच्या वाड्यातल्या चॅपेलमध्ये आहे. गावात लाकडी सांगाड्याची जुनी घरं गल्लोगल्ली उभी आहेत, आणि त्यांचा पैसा कुठून आला हे पाहायला वीस-पंचवीस मिनिटं चढ चालून जावं लागतं.

रॅमेल्सबर्गची खाण ३० जून १९८८ रोजी बंद झाली आणि चारच वर्षांनी, १९९२ मध्ये, गोस्लारच्या जुन्या गावासह जागतिक वारसा यादीत गेली. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला धातुशुद्धीचा कारखाना १९३०च्या दशकातला. फ्रित्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुरचनाकारांनी तो असा बेतला की खनिज वरच्या टोकाला आत जावं आणि दळत, धुतलं जात स्वतःच्याच वजनानं खाली यावं. कामगारांची कपडे बदलण्याची जागा अजून तशीच आहे. छताला टांगलेल्या साखळ्यांवर कपडे वर ओढून ठेवायचे आणि खाली कुलूप लावायचं, अशी सोय.

आत जायचं तर रोडर बोगद्याची फेरी घ्यावी. हेल्मेट घालून, वाकत, ओल्या भिंतीला हात लावत चालायचं. १८००च्या सुमारास खाणीचा मुख्य अधिकारी योहान क्रिस्टोफ रोडर यानं इथे जमिनीखाली लाकडी चाकं बसवली. वरच्या तळ्याचं पाणी एका चाकावर पडायचं, तिथून खालच्या चाकावर, मग त्याच्याही खाली. तेच पाणी पुन्हा पुन्हा राबवून घ्यायचं. भिंतींवर ठिकठिकाणी निळे, हिरवे, पांढरे थर चढलेले दिसतात. तांबं, लोखंड आणि जस्त यांचे क्षार पाण्याबरोबर झिरपून तिथे साठले आहेत.

पाण्यानं पाणी उपसायचं

खाण जितकी खोल, तितकं पाणी जास्त. पाणी उपसलं नाही तर काम थांबतं आणि उपसायला ताकद लागते. वाफेचं इंजिन यायच्या आधी ती ताकद पाण्याखेरीज कोण देणार? म्हणून वरच्या हार्झमध्ये शतकानुशतकं एकच उद्योग चालला. पावसाचा आणि वितळत्या बर्फाचा थेंब न् थेंब अडवायचा आणि पाटानं खाणीपर्यंत आणून चाकावर सोडायचा. वरून आलेलं पाणी चाक फिरवणार, चाक खालचं पाणी वर ओढणार.

युनेस्कोनं २०१० मध्ये ही सगळी व्यवस्था रॅमेल्सबर्गच्या नोंदीला जोडली. तिच्यात १०७ तळी, ३१० किलोमीटर पाट आणि सुमारे तीस किलोमीटर भुयारी कालवे आहेत. बांधाची रीत अगदी साधी होती. गवताच्या मुळांसकट मातीच्या ढेपा कापायच्या, घट्ट रचायच्या आणि बांधाला त्यांचं अस्तर करायचं. हे पाणी कमी पडेल म्हणून १६८०च्या सुमारास तत्त्वज्ञ-गणिती लायब्निझ यानं इथे पवनचक्क्या बसवायचा घाट घातला. बरीच वर्षं खटपट झाली, पण चक्क्या काही चालल्या नाहीत. डोंगरातली माणसं पाण्याकडेच परत वळली.

या व्यवस्थेचा सर्वांत देखणा भाग ओडरटाइश. १७१५ ते १७२२ या काळात ग्रॅनाइटच्या दगडांनी बांधलेलं हे धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जर्मनीतलं सर्वांत मोठं होतं. तिथून निघणारा रेबर्गचा पाट डोंगराच्या कुशीतून सेंट आंद्रेआसबर्गच्या खाणींकडे जातो. पाट समपातळीत जवळजवळ सपाट काढलेला असल्यामुळे त्याच्या कडेची वाटही सपाट. गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपेल अशी. वाटेत एक जुनं घर लागतं. पूर्वी तिथे पाटकरी राहायचा. हिवाळ्यात बर्फ फोडून पाणी चालतं ठेवणं आणि पडझड दिसली की लगेच बुजवणं हे त्याचं काम. आता तिथे चहा-केक मिळतो.

चालताना झाडाच्या आकाराच्या लाकडी पाट्या ठिकठिकाणी दिसतील. इथे कोणती खाण होती, हा खड्डा कशाचा, हे त्यांवर थोडक्यात लिहिलेलं असतं. त्या वाचत गेलं की साधा खळगाही बोलू लागतो.

साम्सनची शिडी

सेंट आंद्रेआसबर्गची साम्सन खाण आठशे मीटरहून खोल. दिवसभर राबल्यावर शिड्यांवरून वर यायला कामगाराला तासाहून अधिक वेळ लागायचा, आणि चाळिशीतच छाती भरून यायची. १८३३ मध्ये डॉरेल नावाच्या खाण-अधिकाऱ्यानं यावर तोड काढली. विहिरीत दोन उभे दांडे शेजारीशेजारी सोडायचे आणि त्यांवर थोड्याथोड्या अंतरानं पायऱ्या बसवायच्या. पाणचक्की दांडे आळीपाळीनं वर-खाली हलवते. एक दांडा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि दोन्ही क्षणभर थांबतात. तेवढ्यात कामगारानं या दांड्यावरून त्या दांड्यावर पाऊल टाकायचं. पुढच्या हेलकाव्याला पुन्हा पलीकडे. असं करत माणूस वर येतो. पाऊल चुकलं तर काय, हे सांगायला नको.

साम्सनमध्ये १८३७ साली बसवलेलं असं यंत्र आजही चालतं. तिथे दांड्यांऐवजी तारेचे दोर आहेत. खाण १९१० मध्ये बंद झाली, पण तिच्या विहिरीत जमिनीखाली १३० आणि १९० मीटरवर दोन छोटी वीजकेंद्रं आहेत. त्यांची देखभाल करणारे तंत्रज्ञ याच यंत्रानं खाली उतरतात. वरच्या इमारतीत नऊ आणि बारा मीटर व्यासाची लाकडी चाकं पाहायला मिळतात. नऊ मीटरच्या चाकाला दोन्ही दिशांनी पाणी घेणारे खण आहेत, त्यामुळे ते उलटंही फिरवता येतं, म्हणजे पोहरा वरही ओढता येतो आणि खालीही सोडता येतो.

तो तारेचा दोरही इथलाच. १८३४ मध्ये क्लाउस्टालच्या विल्हेल्म आल्बर्ट यानं लोखंडी तारा पिळून दोर वळला, चार तारांचा एक पेड, असे तीन पेड. तागाचे दोर कुजत आणि साखळ्या अचानक तुटत; हा दोर टिकला. आपण आज ज्या लिफ्टनं वर-खाली करतो, तिचा दोर याच घराण्यातला.

क्लाउस्टालची एक ओळख मुंबईशीही जोडलेली आहे. खाण-अधिकाऱ्याचा मुलगा रॉबर्ट कोख १८४३ मध्ये इथे जन्मला. क्षयाचे जंतू शोधणारा हा डॉक्टर १८८४ मध्ये पटकीच्या शोधात कलकत्त्यात होता, आणि १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आला. गावात १६४२ मध्ये पुरं झालेलं भलंमोठं लाकडी चर्चही आहे. ते चुकवू नये.

ब्रोकनवर

ब्रोकनला वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस धुकं असतं, तेव्हा दृश्याची हमी नाही. जर्मन कवी गटे १७७७ च्या डिसेंबरात बर्फातून हा डोंगर चढला होता. दुसरा कवी हायने १८२४ मध्ये इथे पायी फिरला आणि त्याचं प्रवासवर्णन गाजलं. वेर्निगेरोडे गावाहून वाफेच्या इंजिनाची गाडी थेट माथ्याजवळ, १,१२५ मीटरपर्यंत, नेते. रूळ एक मीटर रुंदीचे, माथेरानच्या गाडीहून रुंद, पण वळणं घेत धापा टाकण्याची तऱ्हा तीच.

पूर्व जर्मनीच्या काळात ब्रोकन सीमेवरच होता. १९६१ पासून माथा लोकांना बंद. वर लष्कर आणि टेहळणीची यंत्रं. बर्लिनची भिंत पडल्यावर ३ डिसेंबर १९८९ रोजी लोक चालत वर गेले आणि दार उघडायला लावलं. सीमेच्या पट्ट्यात माणूसच फिरकत नसल्यानं तिथे रानगवत आणि पाखरं वाढली होती. तो पट्टा आज चालण्याची वाट झाला आहे.

काय राखायचं, काय सोडायचं

ब्रोकनच्या वाटेवर मैलोगणती वाळलेली, पांढरीफटक झाडं उभी दिसतात आणि पाहुणे हळहळतात. याचंही मूळ खाणीत आहे. बोगद्यांना आधाराला लाकूड लागे, भट्ट्यांना कोळसा लागे, दगड तडकवायलाही जाळच घालत. मूळचं मिश्र जंगल त्यात संपलं, आणि झटपट वाढणारी स्प्रूसची झाडं रांगांनी लावली गेली. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत साल पोखरणाऱ्या भुंग्यानं ती लाखांनी मारली. हार्झच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात मेलेली झाडं तशीच ठेवायची, असं उद्यानानं ठरवलं. त्यांच्या बुंध्यांमधून आता बर्च आणि रोवनची रोपं डोकं काढत आहेत. २००० पासून सोडलेली लिंक्स जातीची रानमांजरंही या रानात स्थिरावली आहेत.

म्हणजे एकाच डोंगरात दोन उलट निर्णय शेजारीशेजारी नांदतात. तळी आणि पाट माणसानं बांधले, म्हणून माणसानं वर्षानुवर्षं निगा राखायची. एक हिवाळा दुर्लक्ष झालं तर पाट फुटतो. जंगलही माणसानंच लावलं, पण तिथून हात काढून घ्यायचा. दोन्हींवर स्थानिकांत वाद आहेत आणि दोन्हींच्या बाजूनं चांगली कारणं आहेत.

जायचं तर मे ते ऑक्टोबर. मुक्कामाचा स्थानिक कर भरला की अनेक गावांत पाहुणे-कार्ड मिळतं, त्यावर बसचा प्रवास फुकट होतो. डोंगरभर २२२ ठिकाणी चालणाऱ्यांसाठी शिक्क्यांच्या पेट्या आहेत. आठ शिक्के जमले की कांस्य बिल्ला मिळतो, मुलांना चालतं ठेवायला तो पुरतो. खाणीत उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर हवाच. आणि दोनच दिवस हाताशी असतील, तर गोस्लारची दुकानं सोडा. एक दिवस पाटाच्या वाटेला द्या, दुसरा त्या वाळक्या जंगलाला.