ज्येष्ठमध : गोडी आणि मात्रा

बंगळूरच्या चिकपेठ-अव्हेन्यू रोड परिसरात ‘ग्रंधिगे अंगडी’ म्हणून ओळखली जाणारी काष्ठौषधींची जुनी दुकाने आहेत. हिरडा, वेखंड आणि पूजासाहित्याच्या शेजारी तेथे वरून तपकिरी, आतून पिवळसर अशा मुळांच्या कांड्या मिळतात. कानडीत त्यांना ‘ज्येष्ठमधु’ किंवा ‘अतिमधुर’ म्हणतात. बंगळूरवासी मराठी गृहिणीला दुकानदारापुढे शब्द शोधावा लागत नाही, असे हे औषध! ते मात्र दूरचे पाहुणे आहे. आपल्याकडील बहुतांश ज्येष्ठमध अफगाणिस्तान, इराण व मध्य आशियातून येते.

संस्कृतातील ‘यष्टिमधु’ म्हणजे गोड काठी. चरकसंहितेत कंठास हितकर अशा दहा द्रव्यांत त्याची गणना आहे. बुद्धिवर्धक रसायनांतही त्याचे चूर्ण दुधाबरोबर सांगितले आहे. बसलेला आवाज, कोरडा खोकला, आम्लपित्त यांवर ते आजही घरोघरी वापरले जाते. महाराष्ट्रात बाळगुटीतही त्याला स्थान आहे. (पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे आजचे वैद्यक सांगते.) या गुटीत लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे मोजमाप. सहाणेवर प्रत्येक औषधाचे वेढे मोजूनच उगाळायचे, एक किंवा दोन, अधिक नाही. तयार चूर्णाच्या डब्यात हे मोजमाप हरवले आणि ‘वनौषधीच ती, अपाय काय होणार?’ या समजुतीने रोज चमचाभर चूर्ण पोटात जाऊ लागले.

ज्येष्ठमधाची गोडी मुख्यतः ग्लिसरायझिन या द्रव्याची, आणि धोकाही त्याचाच. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल हे संप्रेरक निष्क्रिय करणारे एक वितंचक असते. ग्लिसरायझिन त्याचे काम रोखते. परिणामी शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. नेदरलँड्समधील डॉ. रेव्हर्स यांना १९४६ मध्ये जठरव्रणाच्या रुग्णांत ज्येष्ठमधाचा गुण दिसला, तशीच काहींच्या अंगावर आलेली सूजही दिसली. अमेरिकेत आठवडेच्या आठवडे रोज ज्येष्ठमधयुक्त गोळ्यांची पाकिटे संपवणारा ५४ वर्षांचा एक कामगार पोटॅशियम घसरून दगावला. त्याची नोंद २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

मग मर्यादा कोणती? नियमित सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन ही कमाल मर्यादा युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये कायम केली. मुळात त्याचे प्रमाण बरेच कमीजास्त असते. ते चार टक्के धरले, तर अडीच ग्रॅम चूर्णातच ही मर्यादा गाठली जाते. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशातील चूर्णाची मात्राही २ ते ४ ग्रॅमच आहे, म्हणजे ती वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांपुरती घेण्याची. घसा धरला म्हणून दोन-तीन दिवस कांडीचा तुकडा चघळणे निराळे आणि महिनोन्‌महिने चूर्ण घेणे निराळे.

यावर एक उपाय म्हणजे ग्लिसरायझिन काढून टाकलेला अर्क. बंगळूरच्याच ‘नॅचरल रेमेडीज’ या कंपनीने असा अर्क तयार केला असून, अपचनाच्या ५० रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीस दिवसांत लक्षणे कमी झाल्याचे त्यात नमूद आहे. चाचणी लहान होती, हेही ध्यानात ठेवावे.

उच्च रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ज्येष्ठमध टाळावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डिगॉक्सिन किंवा स्टेरॉइड चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. निवृत्तिवेतनधारक वाचकांपैकी अनेकांच्या औषधांत यांतील एखादी गोळी असतेच. पायांना सूज, स्नायूंत अशक्तपणा वा छातीत धडधड जाणवल्यास सेवन थांबवून रक्तातील पोटॅशियम तपासून घ्यावे.

खरेदीत आणखी एक काळजी. गुंजेचे मूळही गोडसर असून ज्येष्ठमधाऐवजी खपवले जाते, आणि चूर्णात हा फरक डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे ओळखीच्या दुकानातून अख्खी कांडी घ्यावी, मोडून आतला पिवळा रंग व तंतू पाहावेत आणि लागेल तेवढीच घरी कुटावी.