नाव बदललं, मन कुठे बदललं?

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. घरच्यांच्या समाधानासाठी कर, नंतर कोण विचारतंय?" लग्नाआधी माझ्या मैत्रिणीला तो असं म्हणाला होता. तिने धर्म बदलला, नवं नाव घेतलं. पण तो एक दिवस काही संपला नाही.

सासरी नव्या नावाने हाक मारली, की आपल्यालाच बोलावतायत हे तिला पटकन कळायचं नाही. गणपतीत आईचा फोन आला, "येतेस ना?" आणि मग अडखळत, "म्हणजे, तुला चालेल ना?" त्या 'चालेल ना'ने ती रात्रभर रडली. नवऱ्याला सांगावं तर "तूच हो म्हणालीस," मैत्रिणींना सांगावं तर "आम्ही सांगत होतो!" मग गप्प बसणं आलं.

श्रद्धेने धर्म बदलणं वेगळं. तो ज्याचा त्याचा हक्क. पण लग्नाची अट म्हणून बदलला, की मनात हिशेब सुरू होतो : मी एवढं सोडलं, तू काय सोडलंस? मग भांडण आमटीतल्या मिठावरून सुरू झालं तरी तिथेच येऊन थांबतं. मुलगा धर्म बदलतो तेव्हाही हेच होतं.

खरं तर लग्नासाठी धर्म बदलावाच लागतो असं नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने दोघं आपापला धर्म ठेवून लग्न करू शकतात. अडचण असते ती ३० दिवसांच्या नोटिशीची. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते आणि घरी कळेल या भीतीने अनेक जोडपी धर्मांतराची झटपट वाट धरतात. महिनाभराचा ताण टाळायला वर्षानुवर्षांचा ताण घेतात.

म्हणून 'हो' म्हणण्याआधी काही गोष्टी स्पष्ट बोला. सण कोणते? मुलांची नावं काय? माहेरच्या देवघरात हात जोडले तर चालेल? आणि मुख्य म्हणजे, मी नाही म्हटलं तरी लग्न होईल ना? उत्तर द्यायला समोरचा कचरला, तर थोडं थांबा.

लग्न झालेलं असेल आणि मनावर ओझं असेल, तर समुपदेशकाशी बोला. सरकारच्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास सुरू असतो.

माझी मैत्रीण अखेर नवऱ्याशी बोलली. यंदा गणपतीत दोघं तिच्या आईकडे गेले. दारातच आईने तिला जुन्या नावाने हाक मारली. आणि या वेळी तिने लगेच 'ओ' दिली.