सागरी सूक्ष्मजंतूंची जातिनिश्चिती
समुद्राच्या पाण्यातून वा गाळातून मिळालेला सूक्ष्मजंतू ज्ञात जातीचा आहे की नव्या, हे ठरविण्याची पद्धती. प्रथम त्याचा शुद्ध संवर्ध मिळवून आकार, ग्रॅम रंजन, लवणाची गरज, पोषण इ. गुणधर्म तपासतात. नंतर त्याच्या १६एस आरएनएच्या जनुकाची तुलना ज्ञात जातींशी करतात. साम्य सु. ९८.७ टक्क्यांहून कमी असल्यास जाती सामान्यतः नवी मानतात. अधिक असल्यास संपूर्ण डीएनएची तुलना निर्णायक ठरते. अखेरीस प्ररूप वाण (नावाला आधारभूत असलेला जिवंत संवर्ध) दोन भिन्न देशांतील संग्रहांत ठेवून लॅटिन द्विपद नाव प्रसिद्ध करावे लागते.

या अटीमुळे अतिविपुल जंतूही अधिकृत नावाविना राहू शकतो. सारगॅसो समुद्रातील एसएआर ११ हा गट १९९० मध्ये केवळ जनुकावरून ओळखला गेला. नेहमीच्या पोषकसमृद्ध माध्यमांत तो वाढत नसे. २००२ मध्ये ऑरेगनच्या किनाऱ्यालगत मिळालेला याच गटातील जंतू निर्जंतुक समुद्रजलात वाढविण्यात यश आले. तरीही पेलॅजिबॅक्टर युबीक हे नाव त्याला ‘कँडिडेटस’ (उमेदवार) या उपाधीसह तात्पुरतेच देण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सीककोड’ या स्वतंत्र नामकरणसंहितेने जिवंत वाणाऐवजी जीनोमाचा अनुक्रम हाच प्ररूप मानला आहे.